चार इंच कमी

भावाचं लग्न ठरलं त्याच दिवशी आत्या म्हणाली, करवली बारीक पायजे, फोटोत नवऱ्याच्या मागं नीट दिसली पायजे. करवली मी, सख्खी बहीण. करा-दिवा घेऊन त्याच्यामागं उभं राहायचा मान माझा. पण आत्यानं तो आपल्या लेकीला द्यायचं मनात पक्कं केलं होतं. माझं डोकंच फिरलं. लग्नाला तीन महिने होते. बाजारातल्या शिंप्याकडं गेले आणि लग्नातल्या साडीवरचा ब्लाउज चार इंच कमी मापानं शिवायला सांगितला. त्यानं टेप पुन्हा माझ्याभोवती गुंडाळून खरं माप दाखवलं.

"कापा," म्हटलं, "तोवर होईन मी तेवढी."

मग सुरू झाला वनवास. सकाळी तलावाला फेऱ्या. ऑफिस कळंबोलीला, रिक्षा सोडून हायवेपासून चालत जायचे, तर ट्रेलरवाले मुद्दाम हॉर्न मारून हसायचे. मेले! घरी आई सुकट भाजायला लागली की मी गच्चीवर पळायचे, तिथंही वास यायचाच. कुणी म्हणे भात सोड, कुणी म्हणे थायरॉइड तपास. आत्या म्हणे, हिची हाडंच जाड हायत. एका जागी बसवत नव्हतं. बिचाऱ्या भावावरही खेकसायचे.

लग्नाच्या सकाळी ब्लाउज पहिल्यांदाच घालून बघितला, तर तो खांद्यावरून घसरायला लागला. चांगला चार इंच ढगळ. मला काही कळेना. आई पाठीमागून पिना लावत होती.

"मीच शिंप्याला सांगून आलेले, जुन्याच मापानं शीव म्हणून," ती म्हणाली. "ऐन वेळी बसला नाय तर तुझा मान जाईल, असं वाटलं. तुला जमंल असं वाटलंच नाय गं."

तीन महिने माझ्या ताटातली अर्धी भाकरी रोज न बोलता हिनंच काढून घेतली होती. आत्याचं बोलणंही कधी इतकं लागलं नव्हतं. रडले असते, पण काजळ घातलं होतं.

करा-दिवा घेऊन उभी राहिले. पाठीत पाच पिना. आत्या जवळ येऊन म्हणाली, एवढा ढगळ कशाला शिवलास, आणखीच जाड दिसतेस.

वर्षभरात वजन परत आलं, सगळंच्या सगळं. तो ब्लाउज अजून कपाटात आहे. आता मला अगदी नीट बसतो.