मावशीच्या नावाचं सूत

कटंगीहून मावशीचा निरोप आला आणि दुसऱ्याच दिवशी मी तुमसरहून बस धरली. साल १९६७. काका वारल्यावर विणकरांच्या सोसायटीनं तिला सूत देणं बंद केलं होतं. सभासद काका होते. मावशी नुसत्या सुताच्या कांड्या भरते, विणत नाही, असाच सगळ्यांचा समज. खरं तर त्यांच्या आजारपणात दोन वर्षं मागावर तीच बसत होती. आता सूत मिळालं नाही, तर माग विकून तिला उकव्याच्या मँगनीज खाणीत मजुरीला जावं लागणार होतं.

"तू मॅट्रिक हायस. बालाघाटच्या साहेबाशी हिंदीत तूच बोल," ती म्हणाली. मी हो म्हटलं खरं, पण रात्रभर वाक्यं जुळवत राहिले.

सकाळी सातची बालाघाट बस साडेआठला सुटली. दोन्हीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. या रस्त्यानं गेलात तर वारासिवनीच्या स्टँडवर गरम भजी जरूर खा. आम्ही उतरलोच नाही. तिनं विणलेली साडी असलेली पिशवी मावशी मांडीवरून हलवेना. पुढे गाडी पंक्चर झाली.

"हापिस बंद तं नाही होनार ना?" तिनं कंडक्टरला तिसऱ्यांदा विचारलं.

"पता नहीं, बाई."

बालाघाटला पोचलो तेव्हा सोसायटीचं ऑफिस उघडं होतं. साहेबांनी साडी उलटसुलट पाहिली. "आपने ही बुनी है, इसका सबूत?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मावशीच म्हणाली, "माग दाखवा."

ऑफिसमागच्या शेडमधला माग उंच माणसाच्या बेताचा. तिचे पाय खालच्या पट्ट्यांना टेकेनात. ती अगदी कडेला सरकली, धोटा फेकला आणि चार-पाच फेऱ्यांतच धागा तुटला. कुणीतरी हसलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तुटलेला धागा जोडून ती पुन्हा विणत होती.

वीतभर कापड झाल्यावर तिथले एक म्हातारे विणकर वाकले, बोट फिरवू लागले.

"जोड कुठं हाय, बाई?"

"तुमच्या बोटाखाली."

त्यांनी पुन्हा चाचपलं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "लिख लीजिए."

तीन महिने काम पाहण्याच्या बोलीवर सूत मिळालं, तिच्या नावानं. तिनं अंगठा उठवला.

परतताना ती अंगठ्यावरची शाई पदराला पुसत राहिली.

"काहून पुसतेस?" मी विचारलं.

"अंगठा लावला, ते बरं नाही वाटलं. मले नाव लिहाले शिकव."

मी आठवडाभर राहिले. पुढच्या खेपेला ती एकटी गेली आणि बाबूनं शाईचं पॅड पुढं करताच तिनं पेन मागितला.

नंतर मी पुष्कळ फिरले. या प्रवासातली एक लाज मात्र अजून जात नाही: तिच्या वतीनं बोलायला गेले होते, आणि एक वाक्यही बोलले नाही.