मितभाषी आणि मनमिळाऊ

आमच्या भागात कुणाचा दहावा असला की लोक आधी भटजींना सांगतात आणि मग मला. भटजी विधी सांभाळतात, मी माईक. पासलीपासून कापूरहोळपर्यंत किती जणांना मी श्रद्धांजली वाहिली असेल, देवच जाणे. शाळेत मराठी शिकवतो, आवाज खणखणीत आहे आणि दोन शब्द बोला म्हटलं की दोनशे बोलतो. याचा मला अभिमान होता, लपवायचं कशाला?

मध्यंतरी तालुक्यातले एक जुने पुढारी वारले. त्यांच्या दहाव्याला नदीकाठी मांडव पडला, खुर्च्या आल्या, दोन कर्णे लागले. मी म्हटलं, नववीच्या पोरांना वक्तृत्व शिकवायला याहून चांगला वर्ग कुठला? मुख्याध्यापकांची परवानगी काढली आणि सगळ्यांना घेऊन घाटावर गेलो. "नीट ऐका, बघा. काय शिकलात ते उद्या दहा ओळींत लिहून आणायचं," असं बजावलं. पोरं माझ्याच भाषणावर लिहितील याची मला खात्री होती.

भाषण झकास झालं. "मितभाषी आणि मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व! त्यांच्या दारातून कधी कुणी विन्मुख गेलं नाही. आज आपण पोरके झालो." पुढच्या रांगेत एक-दोघांनी डोळे पुसले. मीही रुमाल काढला. तो कुठल्या वाक्याला काढायचा, हे माझं वर्षानुवर्षं ठरलेलं.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. एकानं लिहिलं होतं, जो पुढारी सगळ्यात उशिरा येतो तो सगळ्यात जास्त बोलतो. दुसऱ्यानं दोन मिनिटांचं मौन मोबाईलवर मोजलं होतं. ते पाऊण मिनिटातच उरकलं होतं. तिसऱ्याच्या मते कर्णे बंद होईपर्यंत कावळा पिंडाकडे फिरकला नाही, म्हणजे त्यालाही भाषणं आवडत नसावीत. स्टाफरूममध्ये मी एकटाच हसत होतो.

मग एका मुलीची वही हातात आली. पासलीच्या वर डोंगरात धनगरांची चार घरं आहेत, तिथून ती रोज चालत खाली उतरते आणि एसटी धरते. वर्गात फारशी बोलत नाही. तिनं दहाऐवजी सहाच ओळी लिहिल्या होत्या.

"माझे आजोबा गेले तेव्हा पण सर बोलले होते. तेव्हा पण सर मितभाषी आणि मनमिळाऊ म्हणाले. पण आजोबा मनमिळाऊ नव्हते, ते सगळ्यांशी भांडायचे. शेळ्यांशी मात्र लई बोलायचे. सर बोलत होते तेव्हा मी वाट बघत होते की आजोबा कधी येतात. भाषण संपलं, पण ते आले न्हाईत."

आधी मला रागच आला. एवढीशी पोर, माझीच हजेरी घेते! मग लाज वाटली, चांगलीच. कारण म्हातारा मला आठवत होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझी मोटारसायकल चढावर घसरून त्याच्या नाचणीत शिरली होती. त्यानं मला अर्धा तास शिव्या घातल्या. आणि शिव्या घालत घालतच गाडी ढकलून वर रस्त्याला लावून दिली. एवढं सगळं माझ्याजवळ असताना मी त्याला पुढाऱ्याचा अंगरखा घालून वाटेला लावलं होतं.

वहीवर मी काहीच शेरा मारला नाही. तिला फक्त विचारलं, "आजोबांचं वर्षश्राद्ध कधी आहे गं?"

महिन्याभरानं मी चढ चढून त्या घरी गेलो. अंगणात घरची आणि शेजारपाजारचीच माणसं होती. जेवणाआधी तिचे वडील म्हणाले, "गुरुजी, दोन शब्द बोला की."

मी उभा राहिलो. माईक नव्हता, रुमाल खिशातच ठेवला. "बाबा फार भांडखोर होते," मी म्हणालो. तिच्या वडिलांनी मान खाली घातली. आता परत फिरायला जागा नव्हती, म्हणून मी नाचणीची गोष्ट सांगितली, शिव्यांसकट.

चुलीपाशी बसलेली तिची आजी एकदम हसायला लागली. "व्हय गुरुजी, लई भांडायचं म्हातारं! लग्नात माझ्या बापाशी भांडलं, मांडवातच!" मग शेजारचा एकजण उठला, त्याचं बांधावरून भांडण झालं होतं. चुलतभावाचं बोकडावरून. जो तो आपलं भांडण सांगायला लागला. आजी हसता हसता पदरानं डोळे पुसत होती आणि चुलीवरचं कालवण करपलं तरी कुणी उठेना.

ती मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "सर, आले आजोबा."