मरळीचा प्रयोग

काहीही सांगण्याआधी मावशी म्हणायची, "मले काय समजते बाई." आणि मग जे सांगायची ते बरोबर निघायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या शाळेत तर तिनं अशी सुरुवात केली की हेडमास्तरसुद्धा टाक खाली ठेवत.

नागभीडच्या पलीकडे, तलावाच्या एका गावात मी नवी शिक्षिका होते. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मावशी ढिवर मोहल्ल्यातली, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतली. शाळेत झाडलोट करायची, पाणी भरायची. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी तलावात बुडाला होता, स्वतःच्याच जाळ्यात पाय अडकून. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

चांद्याला, जिल्ह्याच्या ठिकाणी, शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरणार, असं पत्र आलं. सातवीच्या मुलींनी विषय निवडला, मासा श्वास कसा घेतो. मी फळ्यावर कल्ले काढले आणि पाण्यात विरघळलेली हवा मासे कशी घेतात ते सांगितलं. मावशी दाराशी रांजण भरत होती.

"मले काय समजते बाई. पन मरळ वरतं येऊन हवा घेते. येऊ नाई देली त पान्यातच मरते."

"मासा पाण्यात कसा मरेल, मावशी?"

"पाहून घ्या."

आमच्या पुस्तकात हे नव्हतं. म्हणून तोच प्रयोग करायचा ठरला. दुकानातून काचेच्या दोन मोठ्या बरण्या आणल्या. मावशीनं वीतभर लांबीच्या दोन मरळी आणून दिल्या. एका बरणीत पाण्याच्या पातळीखाली चार बोटांवर जाळी बसवायची होती, म्हणजे मरळीला वर येता येणार नाही. मी जाळीचा तुकडा मागितला, तर तिनं घरून जुन्या जाळ्याचा कापून आणला. कोणाचं जाळं, हे मी विचारलं नाही. सुचलंच नाही.

शाळा भरताना प्रयोग सुरू केला. मोकळ्या बरणीतली मरळ वर यायची, तोंड उघडायची, खाली जायची. दुसरी जाळीला धडकत राहिली. मुली वेळ लिहीत होत्या. मधल्या सुट्टीत मावशी येऊन बरणीपाशी उभी राहिली.

"काढा तिले बाई आता."

"थोडं थांब. नाहीतर प्रयोग अर्धा राहील."

ती हात पदराला पुसत राहिली. दुपारच्या दुसऱ्या तासाला मरळ उलटी झाली, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. मुली वहीत वेळ लिहून मोकळ्या झाल्या होत्या.

शाळा सुटल्यावर मावशी वर्ग झाडायला आली. झाडता झाडता तिनं विचारलं, "बाई, मानूस पान्याखाली किती वेळ जगते?"

मी खरं तेच सांगितलं. "तीन-चार मिनिटं. त्याच्या आधीच शुद्ध जाते."

"एवढंच?"

"एवढंच."

"मले वाटे, रातभर धडपडला असन." तिनं झाडू तळहातावर ठोकून सारखा केला. "मंग बरं."

मी तिची माफी मागायला हवी होती. ती बाकाखालचं झाडू लागली, मी हजेरीपट बंद केला.

प्रदर्शनाला ती आमच्याबरोबर छोट्या लाइनीच्या गाडीनं चांद्याला आली, मांडीवर उरलेल्या मरळीचं मडकं धरून. तिथं मी जाळी लावू दिली नाही. परीक्षक म्हणाले, प्रयोग करून दाखवा. मी म्हणाले, एकदा केला आहे, नोंद वहीत आहे. नंबर आला नाही. मुली परतताना रडल्या.

गावी आल्यावर मी म्हटलं, "मावशी, हिला तलावात सोडून दे."

"सोडून काय करू बाई? खायची वस्तू आहे."

संध्याकाळी तिनं झाकलेल्या वाटीत मरळीचा रस्सा आणून दिला. मी कधी मासा खाल्ला नव्हता. त्या दिवशी खाल्ला. चव कशी होती, आता आठवत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी गेले. परत आले तर रांजणापाशी दुसरीच बाई होती. हेडमास्तरांनी वेळापत्रक हातात देत सांगितलं, "मावशी गेली. ज्येष्ठात. ताप आला होता."

मी वेळापत्रक पाहिलं. "सातवीचा पहिला तास माझाच ना?"

"हो."

मी खडू घेतला आणि वर्गात गेले.