सरपंच भुलेत होता, गाऱ्हाणं खाली चाललं होतं

या कट्ट्यावर कुणी भुताखेताची पोस्ट टाकली की खाली येऊन 'घरातला गॅस गीझर तपासून घ्या, त्याच्या धुरानेही भास होतात' असं लिहिणारी जी खडूस बाई आहे ना... ती मीच. जिन्यात पावलं वाजली — उंदीर. आजोबा स्वप्नात येऊन काही सांगून गेले — जेवण जड झालं असेल. लोकांचे छान रंगलेले धागे मी अशा एका ओळीत विझवले आहेत, आणि त्याबद्दल मला फारसं वाईटही वाटत नाही. त्यामुळे आज माझ्याच नावाने हा धागा बघून काही जण हसतील. हसा, हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा आणि काही सुचलं तर सांगा, कारण मला खरंच उत्तर हवं आहे.

मी जनावरांची भूलतज्ज्ञ. म्हणजे सर्जन ज्याला कापणार त्याला झोपवायचं, झोपेत जिवंत ठेवायचं आणि परत उठवायचं. लोकांना झोपवणं अवघड वाटतं. खरी कसोटी असते ती उठवण्याची. राहायला मी मुलुंडला. हॉस्पिटल गोरेगाव पूर्वेला, एका छोट्या ट्रस्टचं. ऑपरेशन थिएटर दुसऱ्या मजल्यावर आहे. टेबलाच्या डोक्याकडे, म्हणजे मी जिथे बसते तिथे, एक खिडकी आहे — दुहेरी काच, कायमची सील केलेली. तिच्यातून मागचं आवार दिसतं: बदामाचं झाड, सिमेंटचे दोन बाक, पार्किंग. खाली लग्नाचा बँड वाजत गेला तरी आत फक्त एसीची घरघर आणि मॉनिटरचं टुक-टुक ऐकू येतं. ही सगळी माहिती कंटाळवाणी आहे, पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सध्या मी एक अभ्यास करतेय. भूल उतरताना बरीच कुत्री बिथरतात. आपण कुठे आहोत ते त्यांना कळत नाही, ती केकाटतात, टाके ओढतात. तर प्रश्न असा, की त्या वेळी कानाशी घरच्या माणसाचा आवाज लावला तर ती शांतपणे उठतात का? त्यासाठी मालकाचं बोलणं आधी रेकॉर्ड करून घेते. मग चिठ्ठी उचलायची. काही कुत्र्यांच्या कानाशी छोटा स्पीकर लागतो, काहींच्या कानात कापसाचे घट्ट बोळे, म्हणजे पूर्ण शांतता. वरून दोघांनाही सारखीच कापडी टोपी घालते, म्हणजे आत काय आहे ते सर्जनला कळत नाही. कळता कामा नये, कारण कुत्रा किती शांत उठला याचे गुण तोच देतो.

आमचा सर्जन सुशांत. कॉलेजपासूनचा मित्र आणि या बाबतीत माझ्याहून कट्टर. "आमच्या घरात आजीसुद्धा 'पुरावा दाखव' म्हणायची," असं तो अभिमानाने सांगतो. बुद्धवंदनेपलीकडे त्याच्या घरी कधी कसला अंगारा-धुपारा शिरला नाही.

तर एका सकाळी चारकोपहून तात्या आले. वय सत्तरीपुढचं, मूळ गाव मालवणच्या अलीकडे कुठेतरी. सोबत मुलगी नीलम आणि कुत्रा. कुत्र्याचं नाव सरपंच. सोसायटीत कुणाचंही भांडण झालं की हा मधे जाऊन बसायचा, म्हणून तात्यांच्या बायकोने ठेवलेलं नाव. काकी वारल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ सरपंचाच्या पोटात गाठ निघाली. प्लीहेवर. ती फुटली असती तर आत रक्तस्राव होऊन कुत्रा गेलाच असता, त्यामुळे ऑपरेशनला पर्याय नव्हता. वय झालेलं, हृदय थकलेलं. मी धोका स्पष्ट सांगितला.

तात्यांनी सरपंचाच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "हिच्या माघारी सकाळचो माका ह्योच उठयता, बाय. नायतर उठान तरी करूचा काय?"

मला गलबलून आलं. खोटं कशाला सांगू? त्या क्षणी अभ्यास वगैरे सगळं बाजूला राहिलं. हा कुत्रा परत गेला नाही तर हा माणूस अंथरुणातून उठायचा नाही, एवढंच मला दिसत होतं.

तरी रेकॉर्डिंग करून घेतलं. मोबाइल समोर धरला आणि म्हटलं, "काका, घरी याच्याशी बोलता तसं बोला." तात्यांची वाचाच बसली. "सरपंचा... जेवलंस?" एवढं बोलून गप्प. नीलम हसून म्हणाली, "बाबांना माइकसमोर एकच गोष्ट जमते, डॉक्टर. गाऱ्हाणं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही तेव्हाच कळलं. कोकणात कुठलंही काम करण्याआधी एक जाणता माणूस उभा राहून देवाला सगळी हकिगत सांगतो, मागणं मागतो. आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले लोक हात उंचावून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तात्या सुरू झाले — "बा देवा म्हाराजा, आज ह्या मुक्या लेकराक आम्ही परक्यांच्या हातात देतंव, तेची राखण तू कर रे म्हाराजा..." नीलम म्हणाली, "व्हय म्हाराजा!" आणि पायाशी पडलेला सरपंच मान वर करून म्हणाला, "भुफ्." पुढचं मागणं, पुन्हा व्हय म्हाराजा, पुन्हा भुफ्. घरी दर गणपतीला तो असाच सगळ्यांच्या सुरात सूर मिसळतो म्हणे. मला इतकं हसू आलं की रेकॉर्डिंग जरा हललंच; सुशांतलाही मी हा किस्सा सांगितला.

मग तात्यांनी विचारलं, ऑपरेशनच्या आधी आत येऊन गाऱ्हाणं घालू का? मी नाही म्हटलं. थिएटरमध्ये कुणालाच घेत नाही. त्यांनी हट्ट केला नाही.

चिठ्ठी निघाली शांततेची. सरपंच झोपल्यावर मी स्वतः त्याच्या कानात बोळे भरले, वर टोपी चढवली.

ऑपरेशन झकास झालं. गाठ आख्खी निघाली, रक्त बेताचं गेलं. सुशांत टाके घालत होता तेव्हा मी भुलेचा गॅस बंद केला. आता याने स्वतःहून श्वास घ्यायला हवा होता. तोपर्यंत मी नळीला जोडलेली रबरी बॅग दाबून श्वास देत होते. थोडं थांबायचं, वाट बघायची, नाही घेतला तर आपण एक द्यायचा.

सरपंच घेईना.

हे होतं कधी कधी. वेदना कमी करण्यासाठी जे औषध देतो त्याने श्वास मंदावतो. त्याला उतारा आहे, पण उतारा दिला की वेदनाशमनही जातं, आणि पोट फाडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला एकदम त्या वेदनेत ढकलायचं म्हणजे हृदयाशी जुगार. म्हणून आम्ही थांबलो. पण रक्तदाब हळूहळू उतरत होता आणि टुक-टुक लांबत चाललं होतं.

"अगं, घेतला बघ," सुशांत म्हणाला.

खरंच, छाती उचलली होती. मग पुन्हा थांबला. मग एक. मग बराच वेळ काही नाही. मग दोन जरा जवळजवळ. भुलेतून येणारा श्वास आधी वेडावाकडा असतोच, पण हा मला विचित्र वाटला. अनियमित होता, तरी रखडत नव्हता... प्रत्येक वेळी कशाची तरी वाट बघून मग घेतल्यासारखा.

सुशांत हसला. "रेकॉर्डिंगला साथ देतोय वाटतं. 'व्हय म्हाराजा' आलं की एक श्वास."

 सरपंचाच्या कानात काय आहे हे सुशांतला सांगायची परवानगी नव्हती. मान आखडली होती म्हणून सहज नजर वर केली, ती खिडकीबाहेर गेली.

खाली बदामाच्या झाडाखाली तात्या हात जोडून उभे होते. तोंड हलत होतं. त्यांच्याभोवती नीलम, आमचा वॉचमन, त्यांना घेऊन आलेला रिक्षावाला आणि पॉमेरेनियनचं लसीकरण करायला आलेल्या एक गुजराती आंटी. सगळ्यांचे हात एकदम वर गेले. आवाज अर्थात काहीच नाही.

"घेतला," सुशांत म्हणाला.

मी तशीच बघत राहिले. तात्यांचं तोंड हलत राहिलं, या वेळी लांबण लागली. मग हात वर.

"घेतला."

पहिला संशय मला माझ्याच हाताचा आला. माझा पंजा बॅगेवर होता. खाली बघून नकळत मीच दाबत असेन तर? मी बॅग सोडली आणि दोन्ही हात उचलून धरले.

"सुशांत, एक काम कर. फक्त छातीकडे बघ. श्वास घेतला की बोल. दुसरं काही विचारू नकोस."

"काय झालं गं?"

"बोल ना रे फक्त."

त्याची पाठ खिडकीकडे होती. तो म्हणत गेला — घेतला... घेतला... मी खाली बघत गेले. आंटी नेहमी जरा उशिरा हात उचलायच्या, वॉचमन सगळ्यांच्या आधी. पण सगळे हात मिळून वर असायचे तेव्हाच तो 'घेतला' यायचा. एकदा एक टेम्पो मागे येत त्यांच्याजवळ पोचला, सगळे बाजूला झाले, तात्या थांबले. सुशांतही गप्प. टेम्पो गेला, मागणं पुरं झालं, हात वर गेले.

"घेतला. तुझं ते रेकॉर्डिंग जरा भरभर चालव हवं तर, दोन श्वासांत फार अंतर पडतंय."

"त्याच्या कानात कापूस आहे," मी म्हटलं.

सुशांतने माझ्याकडे बघितलं, मग वळून खिडकीबाहेर. मला वाटलं आता हा हसेल. तो हसला नाही.

मला भीती वाटत होती का? नाही. मला इतकं कुतूहल वाटत होतं की लाज वाटावी. समोर एक जीव लटकतोय आणि माझ्या डोक्यात, अजून थोडं चालू दे, अजून थोडं बघू दे... मग खाली तात्या थांबले.

या वेळी टेम्पो नव्हता. त्यांनी झाडाला हात टेकला, कपाळ टेकलं. खांदे हलत होते. बाकीचे हात अर्धवट जोडून उभे राहिले. मागणंच पुरं झालं नव्हतं, तर 'व्हय' कशाला म्हणणार? नीलम त्यांची पाठ चोळत होती.

टेबलावर सरपंचही थांबला. मी बॅग धरली, एक श्वास दिला, दुसरा दिला. टुक... टुक... मधल्या जागा वाढत गेल्या.

"वाट लागेल याची. उतारा देतोय," सुशांत म्हणाला.

"दे."

त्याने सिरिंज सलाइनच्या नळीला लावली. आणि मी — ज्या बाईने तात्यांना दारातून परत पाठवलं होतं ती मी — मास्कच्या आत पुटपुटले, "व्हय म्हाराजा." कुणासाठी म्हटलं, का म्हटलं, माहीत नाही. त्या क्षणी मला फक्त तो कुत्रा उठायला हवा होता.

सरपंचाने श्वास घेतला. खोल, चांगला पोट भरून. मग दुसरा, मग तिसरा, स्वतःचे, सलग. खाली बघितलं तर तात्यांनी डोकं वर उचललं होतं आणि ते मागे वळून कुणाला तरी शोधत होते. मग त्यांनी डोळे पुसले, हात जोडले आणि पुन्हा बोलू लागले. आता मात्र त्यांच्या हातांचा आणि सरपंचाच्या श्वासाचा काही संबंध राहिला नव्हता.

सरपंच इतका शांत उठला की सुशांतला गुण देताना हसू आलं; कापसाचं मीच सांगून टाकल्याने ते गुण अभ्यासात धरता येणार नव्हते, तरीही. केकाटणं नाही, धडपड नाही. डोळे उघडले आणि समोर कोण आहे ते बघितलं.

नंतर आम्ही दोघांनी भरपूर डोकं खाजवलं. उताऱ्यानेच श्वास आला असेल? असेलच. औषधाचं कामच ते. पण सिरिंजचा दट्ट्या आणि माझं पुटपुटणं इतकं एकदम झालं की कशाने काय झालं ते आता कधीच वेगळं करता येणार नाही. विद्यार्थ्यांना मी रोज सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि आधीचे श्वास? योगायोग म्हणावा तर इतका वेळ? एका दुपारी सुशांत खाली झाडाजवळ उभा राहिला आणि मी वरून काचेला तोंड लावून बेंबीच्या देठापासून ओरडले. त्याला काही ऐकू आलं नाही. मग तो खालून ओरडला. मलाही नाही. वॉचमनने मात्र आम्हाला येडं ठरवलं.

टाके काढायला तात्या सरपंचाला घेऊन आले. कुत्रा तुकतुकीत, शेपूट थांबत नव्हती. तात्यांनी दाढी केली होती. मी त्यांना खिडकीचं काही सांगितलं नव्हतं, सुशांतनेही नाही. तात्या स्वतःच म्हणाले, "बाय, त्या दिसा गाऱ्हाण्यात मी मधीच अडाकलंय. हिचा नाव तोंडार इला आणि शब्दच फुटाना. तेवढ्यात कोणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हटल्यान, म्हणान पुढे बोलूक जमला माका. कोण ता कळाक नाय."

"बाबा, कुणीच नव्हतं म्हटलं," नीलम म्हणाली. "आम्ही सगळे गप्प होतो. किती वेळा सांगू?"

"मी आयकलंय गो. बायमाणूस होता."

सवयीने मी विचारलं, "आवाज कसा होता, काका?"

तात्यांनी डोळे मिटून आठवलं. "जवळसूनच इलो. पण घुसमाटलेलो... तोंडार फडको बांधून बोलल्यासारको."

सुशांतच्या हातातली कात्री थांबली. थिएटरमध्ये मी काय पुटपुटले ते ऐकणारा तो एकटाच होता. माझ्याकडे एकदा बघून त्याने मान खाली घातली आणि पुढचा टाका उचलला. तात्यांना आम्ही काही सांगितलं नाही. सांगणार काय? सरपंच कशाने उठला ते मला माहीत नव्हतंच. आता माझा आवाज त्या काचेतून खाली कसा गेला, तेही माहीत नाही.