संघटनेची फी आणि देणगीचा रकाना

आयकराचं विवरणपत्र मी स्वतःच्या हाताने भरलं, याचा माझ्यापेक्षा बाबांना जास्त आनंद झाला होता. बाबा गवंडीकाम करतात. भातकुलीजवळच्या आमच्या गावात ते चहाच्या टपरीवर सांगत फिरले, "माई पोरगी आता सरकारले टॅक्स भरते." कर भरण्याचा असा आनंद दुसऱ्या कुणाला होत असेल असं मला वाटत नाही. पण आमच्या घरात कर लागण्याइतका पगार याआधी कुणाला मिळालाच नव्हता.

मी अकोल्याच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. तिथे नोकरीला लागताना एक अट होती. फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेचं सदस्यत्व घ्यायचं आणि त्याची फी दरवर्षी भरायची. अमरावतीला माझ्यासोबत शिकलेल्या मैत्रिणीचं स्वतःचं क्लिनिक आहे. ती एकदा फोनवर सहज म्हणाली, "ती फी मी खर्चात दाखवते, तेवढ्यावर कर लागत नाही." मी मनात नोंद करून ठेवली. क्लिनिक चालवणाऱ्याचा नियम वेगळा आणि पगारदाराचा वेगळा, हे मला कोण सांगणार?

जुलैमध्ये मोबाईलवर विवरणपत्र भरायला बसले. वजावटींच्या यादीत सदस्यत्वाच्या फीसाठी जागाच सापडेना. शेवटी देणगीचा रकाना दिसला. त्यात संस्थेचं नाव, पत्ता आणि पॅन नंबर विचारला होता. माझ्या पावतीवर तिन्ही गोष्टी छापलेल्या होत्या. मला वाटलं, हीच ती जागा.

यात मला काही गैर वाटलं नाही, याला कारण आहे. आमच्या वस्तीत जयंतीचे पैसे, विहाराच्या पत्र्याचे पैसे, शाळेच्या झेंड्याच्या खांबाचे पैसे, सगळे पावतीपुस्तकावरच जमा होतात. देणाऱ्याने नाव सांगायचं, घेणाऱ्याने पावती फाडून द्यायची. पावती मिळाली म्हणजे आपण संस्थेला काही दिलं, एवढंच मी लहानपणापासून पाहिलं होतं. संघटनेलाही मी दिलंच होतं. बदल्यात मला सदस्यत्व मिळतं, म्हणून ती देणगी होत नाही, हा विचार डोक्याला शिवलाच नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला आयकर खात्याचा मेसेज आला. तुम्ही दाखवलेली देणगी वजावटीला पात्र दिसत नाही, विवरणपत्र तपासून एकतीस तारखेच्या आत दुरुस्त करा, तोवर जादा कापलेल्या कराचा परतावा थांबवला आहे. भाषा साधी होती, पण मला ती आरोपासारखी वाटली.

नोकरीची दोन वर्षांची प्रोबेशनची मुदत त्याच महिन्यात संपत होती. कायम होण्याचं पत्र मिळायचं होतं. आयकर खात्याने हॉस्पिटलला कळवलं तर? सरकारी कागदावर खोटं लिहिणारी बाई कोण ठेवून घेईल? आणि गावात बाबा काय सांगतील? तीन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. रुग्णांचे खांदे-गुडघे हलवत होते, आणि दार वाजलं की दचकत होते.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अकाउंट्सच्या खोलीत गेले. तिथले प्रमुख अंजनगावचे, निवृत्तीला आलेले. शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मेसेज वाचला, मग विवरणपत्र पाहिलं.

"बेटा, फी देनगीत टाकाचं तुले कोनं सांगतलं?"

"कोनंच नाही जी. मीच टाकलं."

"मंग तर लय हुशार हायस! इतके वर्षं झाले मले इथं, असा उद्योग पह्यलांदा पाह्यला." ते हसायला लागले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून हसणं थांबलं.

"अवं, रडते काहून? चोरी केली काय तू?"

"नोकरी जाईन का जी?"

"याच्यात नोकरीचा काय संबंध? चुकलं तर दुरुस्त कर, म्हनून तर त्याइनं कळवलं. बस इथं. डब्बा खाल्ला?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी आणि वांग्याची भाजी झाकणात काढून दिली. मी खात असताना त्यांनी समजावलं. पगारदाराला ठरावीक वजावट सरसकट मिळते, व्यवसाय कर कापलेला असतो तोही वजा होतो. पण संघटनेची फी पगारातून वजा दाखवता येत नाही. मग त्यांच्याच संगणकावर मला सुधारित विवरणपत्र भरायला लावलं. स्वतः त्यांनी कळफलकाला हातही लावला नाही. "तू शिकेल पोरगी हायस, तूच भर." देणगीचा रकाना मी रिकामा केला. परताव्यातून थोडी रक्कम कमी झाली. रक्कम इतकी लहान निघाली की तीन दिवसांच्या भीतीची मला लाज वाटली.

निघताना त्यांनी विचारलं, "पन हे फी तू हॉस्पिटलले काहून नाही मांगितली? सदस्य व्हाची अट आपल्या हॉस्पिटलचीच हाय. पावती जोडून अर्ज दे, भेटते. कामाचा खर्च हाय, टॅक्ससाठी तुया पगारात बी नाही धरत त्याले."

मला माहीत नव्हतं, हे खरं. पण माहीत असतं तरी मी पैसे मागितले नसते, हेही खरं. माझ्या शिष्यवृत्तीच्या दाखल्यांसाठी बाबा मजुरी बुडवून तहसीलच्या ओट्यावर दिवसदिवस बसले होते. नोकरी लागल्यावर त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती: आता कुणाच्या टेबलापुढे अर्ज घेऊन उभी राहू नको. हे मी चाचांना अडखळत सांगितलं.

त्यांनी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला. मग म्हणाले, "मोठे डॉक्टर पेट्रोलच्या पावत्या आनून देतेत, वरून विचारतेत, चाचा, पैसे कधी टाकून राहिले? अन् तू लाजून राहिली! घे कागद."

मी त्यांच्या टेबलापुढे उभी राहूनच अर्ज लिहिला. पैसे पुढच्या पगाराबरोबर जमा झाले. कायम झाल्याचं पत्रही वेळेवर मिळालं. त्यात आयकराचा अवाक्षराने उल्लेख नव्हता आणि असायचं कारणही नव्हतं. तरी मी निर्धास्त झाले नव्हते. सुधारित विवरणपत्र मान्य होतं की नाही, ते कळायचं बाकी होतं.

जानेवारीत एका सकाळी गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींचा पाय वाकवून घेत होते. ॲप्रनच्या खिशात मोबाईल वाजला. एका हाताने आजींची टाच धरून दुसऱ्या हाताने मेसेज उघडला. विवरणपत्राची तपासणी पूर्ण झाली होती. माझ्याकडून काही येणं नव्हतं, अडवलेला परतावा खात्यात येणार होता. मी तो पुन्हा वाचला, मग आणखी एकदा. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात, ते उतरताना खरंच कळतं.

आजी माझ्याकडे टक लावून पाहत होत्या.

"काय झालं वं बाई? लगन जमलं काय तुयं?"

"नाही आजी. एक कागद चुकला होता माया, तो बरोबर झाला."

"बरं झालं मा. पन आता माया पाय खाली ठेव, कव्हाची धरून उभी हायस."