दोघांच्या मालकीची ट्रॉली

हे मी चौदा वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. विषय निघाला की मी उठून गोठ्यात जायचो, नाहीतर पाणी मागायचो. आता मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे आणि ज्याला सांगायचं होतं तो माझा मित्र गेल्या पौषात वारला. त्याच्या तेराव्याला मंठ्यात त्याचा नातू पाहुण्यांना सांगत होता की आजोबांनी गोल दगड आणला, म्हणून आजोबांचा पाय अधू झाला. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी आलो आणि वही काढली.

धरण झालं तेव्हा आमचं शेत वाचलं, पण शेताची वाट बुडाली. गाव आणि शेत यांच्या मधे फुगवट्याचं पाणी येऊन बसलं. रस्त्यानं फिरून जायचं तर अर्धा दिवस जायचा. माझं आणि मित्राचं शेत बांधाला बांध लागून, म्हणून आम्ही दोघांत मिळून एक लाकडी होडी घेतली. पण उन्हाळ्यात पाणी लांब मागं हटायचं. होडी उघड्यावर राहिली की लाकूड वाळून सांधे उकलायचे. म्हणून फाल्गुनात ती गावात आणून माझ्या दारच्या निंबाखाली ठेवायची आणि भाद्रपदात धरण भरलं की परत पाण्यात सोडायची, असं ठरलं. त्यासाठी जुन्या जीपची चाकं मिळवून मंठ्याच्या वेल्डरकडून ट्रॉली करून घेतली. पुढं लांब दांडी, दांडीच्या टोकाला भोक. ते भाड्याच्या ट्रॅक्टरच्या हुकात बसवायचं आणि वरून पिन टाकायची. वर्षातून दोनदा कामाला येणारी वस्तू. एरवी ती माझ्या अंगणात उभी असायची.

होडी पाण्यात सोडायची आमची एक रीत होती. काठाजवळ चिखल, तिथं ट्रॅक्टर रुतायचा. म्हणून उतारावर अलीकडेच थांबायचं. एकानं ट्रॉलीच्या चाकामागं मोठा दगड लावायचा. दुसऱ्यानं दांडीला दोर बांधायचा, पिन काढायची आणि मग दोराचा वेढा जवळच्या बाभळीच्या बुंध्याला द्यायचा. ट्रॅक्टर बाजूला गेला की दगड हलवायचा आणि दोर थोडा थोडा सोडत ट्रॉली पाण्यात उतरवायची. पिन काढणारा आधी विचारायचा, "दगड?" चाकाजवळचा सांगायचा, "लावला." हे ऐकल्याशिवाय पिनेला हात लावायचा नाही. नियम मित्रानंच घातला होता.

चौदा वर्षांपूर्वी भाद्रपदात, होडी सोडायच्या दिवशी नेहमीचा चपटा दगड सापडला नाही, कुणीतरी धुणं धुवायला नेला असावा. मित्र दुसरा उचलून घेऊन आला. माझ्या पायाशी टाकत म्हणाला, "जरा गोल हाय, बराबर दाबून लाव." आणि तो पुढं गेला. तेवढ्यात माझा फोन वाजला. सासरी असलेली माझी मुलगी होती. पोळ्याला येता आलं नाही, आता गणपतीला येते म्हणत होती. मी ट्रॉलीकडं पाठ करून बोलू लागलो.

पुढून आवाज आला, "दगड?"

मी म्हणालो, "लावला."

दगड माझ्या पायाशीच होता. त्यावर माझं डावं पाऊल टेकलेलं होतं. फोन ठेवतो आणि ढकलतो, एवढंच मनात होतं. इतक्या वर्षांत तो शब्द तोंडात बसला होता, तो आपोआप आला.

पिन निघाल्याचा आवाज मी आजही ऐकतो. फार मोठा नव्हता, कडी काढल्यासारखा. मग ट्रॉली माझ्या शेजारून गेली. दोराचा वेढा अजून बाभळीला बसायचा होता, मोकळा दोर मित्राच्या पायाशी पडला होता आणि त्याचा फास त्याच्या घोट्याला बसला. तो उताणा ओढला गेला. मला त्याचा चेहरा दिसला. तो ओरडला नाही. त्याला काय होतंय ते कळलंच नव्हतं. होडी, ट्रॉली आणि मागोमाग तो, असे सगळे पाण्यात गेले.

ट्रॅक्टरवाला पुढं तोंड करून बसला होता, त्यानं काही पाहिलं नव्हतं. तो उडी मारून धावला. मीही धावलो, पण त्याआधी मी एक गोष्ट केली. पायाखालचा दगड मी उताराकडं लोटला. तो चाकाखालून निसटल्यासारखा गडगडत खाली गेला आणि काठाशी थांबला. एवढं करायला मला एक क्षण लागला. मित्र तेव्हा पाण्याखाली होता.

आम्ही दोर कापून त्याला बाहेर काढलं. पाय दोन ठिकाणी मोडला होता. पाणी ओकून तो श्वास घेऊ लागला तेव्हा मला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ भीती आली, की हा आता बोलेल.

जालन्याच्या दवाखान्यात मी तीन दिवस त्याच्या खाटेजवळून हललो नाही. लोक म्हणाले, मित्र असावा तर असा. मी राखण करत होतो. शुद्धीवर येऊन तो पहिल्यांदा काय बोलतो, ते मला दुसऱ्या कुणाच्या आधी ऐकायचं होतं. तिसऱ्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "माझीच चूक हाय. गोल दगड आणल्ता मी. निसटला." मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

पाय वाचला, पण आखूड झाला. शेत त्यानं बटईनं दिलं आणि मुलाकडं मंठ्याला राहायला गेला. पुढं फुगवट्यावर पूल झाला, होडीचं काम संपलं. उरली ती ट्रॉली.

ती ठेवावी की काढून टाकावी, हा प्रश्न आमच्या घरात दरवर्षी निघायचा. अंकुशनगरकडचा एक ऊसवाला तिच्यासाठी तीनदा येऊन गेला. त्याला शेतात इंजिन न्यायला ती पाहिजे होती. मुलगा म्हणायचा, "आण्णा, देऊन टाका, अंगण मोकळं होईल." मी म्हणायचो, दोघांची वस्तू आहे, त्याला विचारल्याशिवाय कशी देऊ. आणि विचारायला मात्र जायचो नाही. ट्रॉलीचा विषय काढला की त्या दिवसाचा विषय निघणार. माझं तोंड पाहून त्याला कळेल, असं मला वाटायचं.

ती ठेवण्याचीही भीती होती. नातवंडं दांडीवर चढून खेळायची, तेव्हा मी ओरडून त्यांना खाली उतरवायचो. आमचं अंगण परातीसारखं सपाट. तरी मी दोन्ही चाकांना पुढून-मागून चार दगड लावले होते आणि रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ते पायानं दाबून पाहायचो. सून एकदा हसून म्हणाली, "आण्णा, ती काय पळून जाऊन राह्यली का?" मी तिच्यावर इतका खेकसलो की दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. विकली तर ऊसवाला ती कुठल्या उतारावर नेईल, तिथं कोण पिन काढेल आणि कोण नुसतंच "लावला" म्हणेल, याचीही मला धास्ती वाटायची.

शेवटी गेल्या दिवाळीनंतर मी एसटीनं मंठ्याला गेलो. दोन गोष्टी बोलायच्या ठरवल्या होत्या. आधी दगडाची, मग ट्रॉलीची.

मित्र ओसरीवर खाटेवर बसला होता. वाळून गेला होता. मला पाहून म्हणाला, "आलास का? मला वाटलं, तुलाबी देवानं उचलला का काय." वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी आधी ट्रॉलीचंच काढलं. सोपं ते आधी.

तो म्हणाला, "तुला जसं वाटंल तसं कर. माझं काय, मला आता ती बसायला बी कामाची न्हाई." मग थोडा वेळ आखूड पायावरून हात फिरवत राहिला.

"एक सांगू का तुला?" तो म्हणाला. "तवा गोल दगड मी आणला. दुसरा कुणी असता तर चार लोकांत म्हणला असता, हा बेअक्कल हाय, ह्याच्यापायी मीबी मेलो असतो. तू चौदा वर्षांत एक शब्द न्हाई काढला. मी इसरलो न्हाई ते."

माझं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होता, हे मी शपथेवर सांगतो. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. आणि मी म्हणालो, "जाऊ दे गड्या. जुनं झालं."

ज्यानं माफी मागायची, त्यानंच ती दिली. तो समाधानानं हसला आणि बशीत चहा ओतू लागला. परतीच्या एसटीत मी खिडकीची दांडी धरून गावापर्यंत बसून राहिलो.

दोन महिन्यांनी तो गेला. तेराव्यानंतर वहिनींना ट्रॉलीचं विचारलं, तर म्हणाल्या, तुम्ही दोघांनी घेतली, तुम्हीच ठरवा भाऊजी. मी ठरवलं आहे. ऊसवाल्याला नाही म्हणून कळवलं. कुणी तिला पुन्हा ट्रॅक्टरला जोडू नये, म्हणून गॅस कटरवाल्याकडून तिचे तुकडे करून घेणार आहे. पण चांगली ट्रॉली का कापली, असं सगळे विचारतील आणि मी पुन्हा काहीतरी खोटं सांगेन. म्हणून आधी ही वही त्याच्या घरी जाईल. त्याच्या नातवानं ती वाचावी.

मंठ्याला जाताना एसटीत मी जे पाठ केलं होतं, ते असं होतं: गड्या, दगडात काही खोट नव्हती. मी तो लावलाच नव्हता. मी फोनवर बोलत होतो आणि लावला म्हणालो. तू पाण्यात होतास तेव्हा मी आधी दगड लोटला, मग तुझ्याकडं धावलो. तुझा पाय माझ्यामुळं अधू झाला. मला माफ कर.