दमणच्या उन्हात तीन बाटल्या

मे महिन्यात सुरतेहून दमणला कशाला जायचं, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे एकच कारण आहे, आणि तेही माझं नाही. यानचं आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेच्या पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी रंग जुळवायचो. पार्टीने पाठवलेल्या तुकड्याशी आमच्या कापडाची छटा मिळते की नाही, हे ठरवणं माझं काम. यान बेल्जियमहून नवं मशीन बसवायला आला होता. त्याचा धाकटा भाऊ पीटर नोकरी सोडून घरामागच्या शेडमध्ये बिअर बनवायला लागला होता. उन्हाळ्यात प्यायची, हलकी, वाळल्या गवताच्या काडीसारखी पिवळी. तिकडे तिला ब्लॉन्ड एल म्हणतात. तीन प्रकार तयार होते, विकायला एकच काढायचा होता. तिन्हींच्या बाटल्या घेऊन यानचा एक सहकारी रीतसर परवाना काढून दमणच्या हॉटेलात उतरला आणि त्या तिथेच ठेवून गेला होता. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे मला चाखता येईल अशी जवळची जागा दमणच.

"आमच्याकडे एवढं ऊन नसतं," यान त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "इथे टिकली तर कुठेही टिकेल. तू चल. तुला वास कळतो, आणि तू मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलत नाहीस."

"मी पीत नाही."

"गिळू नकोस. चाख आणि थुंक."

रविवारी सकाळच्या गाडीने निघालो. वापीला पोचायला दोन तास धरा. बिलिमोऱ्याला ताडगोळे विकणारे चढतात, इथे ताडगोळ्यांना गलेली म्हणतात. ते घ्या, पाण्याची बाटली कमी लागते. वापी स्टेशनबाहेर दमणच्या शेअर रिक्षा उभ्या असतात. आमच्या रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघून सांगितलं, "पाछा आवतां मोढामांथी वास नहीं आववो जोईए." परतताना तोंडाला वास आला तर हद्दीवरचे पोलीस उतरवतात. हा सल्ला अजूनही पाळण्यासारखा आहे.

दमणमधला देवक्याचा किनारा पोहायचा नाही. काळे खडक, चिखल, आणि दुपारी तोंडावर येणारा गरम खारा वारा. हॉटेलच्या व्हरांड्यात तळलेले बोंबील मागवले. यानने तिन्ही बाटल्या बर्फातून काढल्या आणि सहा ग्लास भरले. तीन लगेच चाखायचे, तीन दहा मिनिटं तसेच ठेवून.

पहिला ग्लास हातात घेतला आणि मी थांबलो. माझे वडील धुळ्याजवळच्या आमच्या गावात दारूपायीच गेले. तेव्हा आईने माझ्याकडून वचन घेतलं होतं. यानला मी एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "मग राहू दे. नुसता वास घे." पण वासावरून निम्मंच कळतं. मी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि बादलीत थुंकलो.

थंड असताना तिन्ही बऱ्या लागल्या. दहा मिनिटांनी वेगळ्या झाल्या. पहिलीचा कडवटपणा जिभेवर बसून राहिला. दुसरीत धणे आणि संत्र्याची साल होती. थंड होती तेव्हा तीच सगळ्यांत छान, पण कोमट झाल्यावर औषधासारखी जड झाली. तिसरीत वरून घातलेलं काहीच नव्हतं. ताज्या पावाचा वास आणि शेवटी कोरडी, स्वच्छ चव. ती कोमट होऊनही बिघडली नाही.

"तिसरी," मी म्हणालो.

यानने ग्लास खाली ठेवला. "दुसरी पीटरची लाडकी आहे. तिला त्याने स्वतःच्या मुलीचं नाव दिलंय."

"मग तीच सांग. मी काही बोलत नाही."

"नाही. त्याने खरं विचारलंय."

पीटरला फोन करायला तो बाजारातल्या फोन बूथमध्ये गेला, मी काचेबाहेर उभा राहिलो. तो थोडं बोलला, मग नुसताच ऐकत राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "रागावलाय." पुढे दिवाळीच्या सुमारास यानचं पत्र आलं. पीटरने तिसरीच काढली होती, आणि यान मशीनची नोकरी सोडून त्याच्याकडे गेला होता.

त्या रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. सुनंदाने, माझ्या बायकोने, पाण्याचा तांब्या दिला आणि आत येऊन हळूच विचारलं, "खरं सांगा, पिनात का?"

"थुंकलो सगळं. तिसरीचा शेवटचा घोट तेवढा गिळला."

"का?"

"चांगली होती."

तिने माझ्या हातातला तांब्या परत घेतला. मग म्हणाली, "मायले सांगू नका."

मी सांगितलं नाही. आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या घोटाचा पश्चात्ताप मला कधी झाला नाही, पण तो तिच्यापासून लपवला, याचं वाईट वाटतं. कदाचित तिला चाललं नसतं. तरी सांगायला हवं होतं.